दूरशिक्षणासाठी घटक लिहायला घेताय? पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी वाटाड्या

‘आमच्या अभ्यासक्रमासाठी दोन घटक लिहून द्या’ असा फोन आला की बहुतेक प्राध्यापक, आयटीआयचे निदेशक आणि संस्थांमधले प्रशिक्षक वर्गातल्या जुन्या टिपणांची फाइल उघडतात आणि तीच वाढवायला घेतात. ती फाइल तूर्त बंद ठेवा. घटक म्हणजे घरी एकट्याने शिकणाऱ्यासाठी लिहिलेल्या पुस्तकातला एक पाठ. वर्गात त्या टिपणांना तुमचा आधार असतो. कोणाचा चेहरा कोरा दिसला की तुम्ही थांबता, फळ्यावर दुसरं उदाहरण मांडता. देवगडजवळच्या एखाद्या वाडीत रात्री जेवणं उरकून, भांडी आवरून पुस्तक उघडणाऱ्या बाईसमोर तुम्ही नसता. अडलं तर विचारायला अभ्यासकेंद्र तालुक्याच्या गावी, तेही रविवारी उघडणार.

मी कोकणातल्या बचत गटांसाठी काजू प्रक्रियेच्या एका छोट्या अभ्यासक्रमाचं लेखन-संपादन केलं आहे, म्हणून खालची उदाहरणं काजूची आहेत. तुमचा विषय मत्स्यव्यवसाय, बालवाडी किंवा हिशोबलेखन असला तरी रीत हीच.

ही रीत जुनी आणि पारखलेली आहे. ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी १९६९ मध्ये, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) १९८५ मध्ये आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं. अशा ठिकाणी पुस्तक एकट्या लेखकाचं नसतं. विषय-संपादक मजकूर बरोबर आहे का ते बघतो, आराखडा-संपादक तो एकट्याने शिकण्याजोगा आहे का ते बघतो आणि भाषा-संपादक वाक्यं सोपी करतो. लहान संस्थेत ही सगळी कामं दोघांत वाटली जातात. चालेल, पण लेखक आणि आराखडा-संपादक एकच माणूस नको. स्वतः लिहिलेलं कुठे कळत नाही हे स्वतःला दिसत नाही.

लिहायला बसण्याआधी जवळ असायला हवं

- मंजूर अभ्यासक्रम, घटकवार श्रेयांकांसह (म्हणजे क्रेडिट, हिशोब तिसऱ्या पायरीत)
- सही झालेलं करारपत्र (त्याबद्दल पहिल्या पायरीत)
- शैलीपत्रक. संस्थेकडे नसेल तर एक पान स्वतः तयार करा: आकडे देवनागरी की इंग्रजी, वाचकाला ‘तुम्ही’ म्हणायचं की ‘आपण’, मथळ्यांना क्रमांक कसे द्यायचे, मापं कोणती
- शब्दयादी. तिघांनी तीन घटक लिहिले आणि एकाने ‘टरफल’, दुसऱ्याने ‘कवच’, तिसऱ्याने ‘साल’ लिहिलं, तर शिकणाऱ्याला त्या तीन वेगळ्या वस्तू वाटतात. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी ठेवा, पण जिथे गावात रुळलेला शब्द आहे तिथे तोच घ्या
- फोटोसाठी कोरी संमतीपत्रं
- युनिकोड मराठी टंकलेखन येणारा संगणक (लिबरऑफिस फुकट आहे, पुरतं), बरा कॅमेरा असलेला मोबाइल आणि ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर

## १. करार वाचा, मग होकार द्या

मानधनाचा आकडा सगळे बघतात, हक्कांचं कलम कोणी बघत नाही. तुम्ही नोकरीचा भाग म्हणून लिहीत असाल तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास कॉपीराइट नोकरी देणाऱ्या संस्थेचा असतो. बाहेरून लिहून देत असाल तर हक्क लेखी हस्तांतरणानेच जातात. हस्तांतरणात मुदत लिहिलेली नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती ५ वर्षं धरली जाते. संस्थेला सगळे हक्क कायमचे हवे असतील तर देऊ नका असं मी म्हणत नाही. फक्त ‘याच मजकुरावर मला कार्यशाळा घेता येईल’ एवढं एक वाक्य घालून घ्या. शिवाय दुरुस्त्या किती वेळा करून द्यायच्या आणि मानधन कधी मिळणार, लेखन दिल्यावर की छापून झाल्यावर, हेही लिहून घ्या. छपाई लांबणीवर पडली की या शेवटच्या कलमाची आठवण होते.

## २. शिकणारी व्यक्ती आणि तिचं वर्ष समोर ठेवा

‘लक्ष्यगट: ग्रामीण महिला’ एवढं लिहून पुढे जाऊ नका. वय काय, शिक्षण कितवीपर्यंत, शेवटचं पुस्तक हातात घेऊन किती वर्षं झाली, घरात मोबाइल एकच आहे का आणि तो दिवसा कोणाकडे असतो, रेंज घरात येते की सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर, जावं लागतं, हे सगळं विचारा. चारपाच जणींशी बोललात तरी चित्र स्पष्ट होतं.

मग कॅलेंडर घ्या. मुंबई-पुण्यात बसून आखलेलं वेळापत्रक कोकणात हमखास आपटतं ते इथेच. शिमग्यात कोणी स्वाध्याय लिहिणार नाही. मार्च ते मे काजू-आंब्याचा हंगाम, त्यात मे महिन्यात घरी चाकरमानी. जून-जुलैला लावणी. मच्छीमार कुटुंबांत १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तिथे मात्र हाच काळ अभ्यासाला बरा. म्हणजे शेजारच्या दोन गावांचं गणितही वेगळं. श्रावणानंतर गणपती, मग भातकापणी. कापणी उरकल्यापासून शिमग्यापर्यंतचा काळ काय तो निवांत. जड घटक आणि स्वाध्याय त्या काळात टाका.

काजूच्या बाबतीत एक पेच आहे. बी विकत घेणं आणि वाळवणं हा घटक हंगामातच शिकायला हवा, कारण तेव्हाच ताजी बी समोर असते. पण तेव्हाच कोणाला वेळ नसतो. आम्ही त्या घटकाचं वाचन जवळजवळ काढून टाकलं आणि कामाच्या जागी भिंतीला लावायचं एक पान दिलं. ते पान पुस्तकापेक्षा जास्त वापरलं गेलं, हे कबूल करायला लेखक म्हणून जरा जड जातं.

## ३. तासांचा हिशोब करा

आपल्याकडच्या मुक्त विद्यापीठांत १ श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे साधारण ३० तास धरतात. हे ३० तास वाचनाचे नव्हेत. त्यात कृती, स्वाध्याय, ऐकणं, संपर्क सत्र (अभ्यासकेंद्रावरचे वर्ग) सगळं येतं. माझ्या अंदाजाने वाचनाला १२ तासांच्या वर देऊ नका, म्हणजे श्रेयांकाला छापील ६०-७० पानं खूप झाली. पानावर पैसे मिळत असतील तर हा सल्ला कडू लागेल.

## ४. उद्दिष्टं मोजता येतील अशी लिहा

‘विद्यार्थ्यांना प्रतवारीची माहिती होईल’ हे उद्दिष्ट तपासणार कसं? ‘मोजून, वजन करून काजूगराची प्रत ओळखता येईल’ हे तपासता येतं. ‘समजेल’, ‘जाणीव होईल’, ‘परिचय होईल’ ही क्रियापदं खोडा. घटकाला चारपाच उद्दिष्टं बास.

## ५. आधी कृती लिहा, मजकूर नंतर

ही पायरी उलटी वाटते आणि बहुतेक जण इथेच चुकतात: सगळा मजकूर लिहून झाल्यावर घटकाच्या शेवटी ‘टिपा लिहा’ छापाचे प्रश्न चिकटवतात. प्रत्येक उद्दिष्टासाठी शिकणारीने हाताने काय करायचं ते आधी ठरवा. मग ते करण्यापुरतं जे कळायला हवं तेवढंच लिहा. नको असलेली निम्मी पानं आपोआप गळतात. काजू पोर्तुगीजांनी आणला हा परिच्छेद प्रत्येक लेखकाला प्रिय असतो. तो कुठल्याच कृतीला लागत नाही, तेव्हा चौकटीत दोन ओळी द्या आणि सोडा.

एक कृती पूर्ण दाखवतो. काजूगराच्या प्रतीला डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० अशी नावं असतात. हा आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे गर बसतात तो. आकडा लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. व्याख्या म्हणून हे दोन ओळींत संपतं आणि दुसऱ्या दिवशी विसरलं जातं. कृती अशी:

*‘डिजिटल काट्यावर १०० ग्रॅम अख्खे काजूगर घ्या. पाकळ्या आणि तुकडे बाजूला काढा. आता गर मोजा आणि आकडा इथे लिहा: ____. तुमच्या मते ही कोणती प्रत? उत्तर लिहिल्यावरच पान उलटा.’*

आणि पान उलटल्यावर:

*‘६६ ते ७० भरले असतील तर प्रत डब्ल्यू-३२०. ४८ ते ५३ भरले असतील तर डब्ल्यू-२४०. आकडा या दोन्हींच्या मधे आला? मग बहुधा दोन प्रतींचा माल एकत्र झाला आहे. सर्वांत मोठे दहा आणि सर्वांत लहान दहा गर शेजारी ठेवून बघा, फरक डोळ्यांना दिसेल. आकडा ८० च्या पुढे गेला तर आधी पाकळ्या राहिल्या नाहीत ना ते तपासा; एका गराच्या दोन पाकळ्या मोजल्या की आकडा फुगतो. तानकाट्यावर १०० ग्रॅम नीट कळत नाहीत, तो वापरला असेल तर वजन पुन्हा करा.’*

सगळी मेहनत या दुसऱ्या परिच्छेदात घाला. ‘उत्तर: डब्ल्यू-३२०’ एवढंच छापलं तर चुकलेलीला फक्त चुकलो एवढं कळतं. ती कुठे चुकू शकते हे तुम्ही वर्गात शेकडो वेळा पाहिलेलं आहे. ते इथे उतरवा. विद्यापीठ अनुदान आयोग दूरशिक्षणाच्या साहित्याकडून मागतो तेही हेच: ते स्वयंस्पष्ट, स्वयंपूर्ण असावं आणि शिकणाऱ्याला स्वतःची परीक्षा स्वतः घेता यावी. मी तर नव्या लेखकाचा घटक हातात आला की मजकूर नंतर वाचतो, आधी उत्तरं बघतो. तिथे एकेका शब्दाची उत्तरं असली की घटक परत.

कृतीला लागणारी वस्तू घरात किंवा गटाकडे आहे ना, हेही बघा. आर्द्रतामापक सांगितलात तर तो फक्त कारखान्यात सापडेल.

## ६. मजकूर: समोर बसून सांगितल्यासारखा

आमच्याकडे आलेल्या एका घटकातलं वाक्य होतं: ‘काजूच्या टरफलातील तेल दाहक असल्यामुळे त्वचेस इजा पोहोचण्याचा संभव असतो, सबब कामगारांनी योग्य ती खबरदारी घ्यावी.’ योग्य ती म्हणजे कोणती, हे तिने कोणाला विचारायचं? बदलून असं केलं:

*‘बी फोडायला बसण्याआधी रबरी हातमोजे घाला. हातमोजे घालून कटर चालवणं जमत नसेल तर दोन्ही हातांना एरंडेल किंवा खोबरेल चोळा आणि काम करताना मधूनमधून पुन्हा लावा. टरफलातलं तेल कातडीला लागलं तर भाजल्यासारखं होतं, फोड येतात. तोच हात डोळ्यांना लावू नका. तेल लागलंच तर लगेच साबणाने हात धुवा.’*

आणखी एक बदल केला, तो जागेचा. मूळ घटकात आधी बी वाफवणं, रात्रभर थंड करणं, फोडणं, गर काढणं असं सगळं होतं आणि खबरदारी शेवटी, वेगळ्या उपमथळ्याखाली. वर्गात हे खपतं, कारण प्रात्यक्षिक नंतर असतं. घरी शिकणारी ओळ वाचते आणि ती ओळ करते. धोक्याची सूचना त्या कृतीच्या आधी, ठळक चौकटीत आली पाहिजे. वीज, औषध फवारणी, गॅस, बॉयलर असं काहीही विषयात असेल तर फक्त या एका गोष्टीसाठी घटक पुन्हा एकदा चाळा.

बाकी भाषेबद्दल थोडक्यात. वाक्यात एकच गोष्ट. ‘वरीलप्रमाणे’, ‘पूर्वी नमूद केल्यानुसार’ असं लिहायचं असेल तर पान क्रमांक द्या. परिच्छेद पाचसहा ओळींचे. उदाहरणात कणकवलीचा बाजार, कुडाळची एमआयडीसी, वेंगुर्ल्याची रोपवाटिका येऊ दे. ‘समजा एक उद्योजक आहे’ नको. मात्र सगळं पुस्तक मालवणीत लिहिण्याच्या मोहात पडू नका. बोलण्यात मालवणी असली तरी शाळेपासून वाचायची सवय प्रमाण मराठीची असते. मालवणी श्राव्य भागात वापरा, तिथे ती गोड लागते.

## ७. चित्रं आणि त्यांचे हक्क

गुगलवर सापडलेला फोटो फुकट नसतो. वर्गात शिकवताना शिक्षकाला कायद्याने जी सूट आहे तिच्या भरवशावर विक्रीचं पुस्तक छापू नका. मोकळ्या परवान्याची चित्रं विकिमीडिया कॉमन्सवर मिळतात, पण क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने एकसारखे नाहीत. काहींत फक्त श्रेय द्यायचं असतं. काहींत फेरबदल चालत नाहीत, म्हणजे चित्रावरची नावं मराठीत करणंही बंद. काहींत व्यावसायिक वापर चालत नाही. आणि काहींत अट असते की फेरबदल करून केलेलं नवं कामही त्याच परवान्याखाली मोकळं ठेवायचं. तुमच्या करारात सगळे हक्क संस्थेचे असतील तर ही शेवटची अट तिथे अडकते. प्रत्येक चित्राचं मूळ, निर्माता आणि परवाना एका तक्त्यात पहिल्या दिवसापासून लिहीत जा. शेवटी शोधायला बसलात तर सापडत नाही.

त्याहून बरं, स्वतः फोटो काढा. हातांचे, जवळून, दिवसा पडवीत, साध्या पार्श्वभूमीवर. चेहरा येत असेल तर त्या व्यक्तीची लेखी संमती घ्या, ‘हा फोटो पुस्तकात छापला जाईल’ असं स्पष्ट लिहून. बऱ्याच प्रक्रियांना फोटोपेक्षा रेखाचित्र सरस ठरतं. काळ्या-पांढऱ्या छपाईत फोटोतली बी आणि दगड सारखेच दिसतात.

## ८. ध्वनी आणि व्हिडिओ, जपून

आधी श्राव्य भाग करा. ६४ केबीपीएस, मोनो ठेवलात तर १० मिनिटांची एमपीथ्री ५ एमबीच्या आत बसते, व्हॉट्सअ‍ॅपवर सहज जाते आणि चूल सांभाळतानाही ऐकता येते. पावसाच्या दिवसांत कौलांखाली किंवा पत्र्याखाली ध्वनिमुद्रण करू नका, नुसता पाऊस ऐकू येईल. गाद्यांच्या खोलीत, पंखा बंद करून चांगलं होतं.

व्हिडिओ फक्त हाताची हालचाल दाखवायची असेल तिथे. तीन ते पाच मिनिटं, ४८० पिक्सेल. तुम्ही खुर्चीत बसून घटक वाचून दाखवताय असा व्हिडिओ कोणी बघत नाही. ‘स्वयं’ या राष्ट्रीय मंचासाठी करत असाल तर तिथे चार भाग लागतात: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वचाचणी आणि चर्चा. संस्थेचं मूडल (ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायचं सॉफ्टवेअर) असेल तर त्याच्या मोबाइल अ‍ॅपवर मजकूर उतरवून घेऊन रेंज नसतानाही वाचता येतो, हे शिकणाऱ्यांना आवर्जून शिकवा.

## ९. एक घटक तयार झाला की थांबा आणि तो तपासा

उरलेले घटक लिहायच्या आधी. पाचसहा खरे शिकणारे गाठा. साध्या छापील प्रती आणि पेन्सिली द्या. जिथे कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, जिथे कंटाळा आला तिथे फुली. तुम्ही बाजूला बसा आणि घड्याळ बघा. मदत करू नका. हे फार कठीण जातं, जीभ वळवळते. पण तुम्ही एकदा समजावून सांगितलंत की ती चाचणी तिथेच संपली.

‘आवडलं का, समजलं का?’ हे विचारण्यात अर्थ नाही. कोकणी माणूस एरवी कितीही फटकळ असो, बाईंनी किंवा सरांनी लिहिलेल्या पुस्तकाला तोंडावर नावं ठेवणार नाही. ‘छान आहे’ म्हणेल. त्यापेक्षा पुस्तक मिटायला सांगा आणि कृती करून दाखवायला सांगा. मग ‘ह्यां माका कळाक नाय’ आपोआप येतं. तिघींनी एकाच जागी प्रश्नचिन्ह केलं असेल तर ती जागा पुन्हा लिहा, विषय-संपादकाने कितीही छान म्हटलं असलं तरी.

## १०. फॉन्ट: पहिल्या दिवसापासून युनिकोड

टंकलेखन करणारे अजून श्री-लिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये काम करून देतात. छापलेलं पान सुरेख दिसतं. पण तोच मजकूर मोबाइलवर पाठवला की अगम्य अक्षरं, पीडीएफमध्ये शब्द शोधला तर सापडत नाही आणि दृष्टिहीन शिकणाऱ्याच्या वाचक सॉफ्टवेअरला तर काहीच वाचता येत नाही. युनिकोडशिवाय काम घेणार नाही असं आधीच सांगा.

इनडिझाइनमध्ये मांडणी होणार असेल तर ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ चालू आहे ना ते विचारा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्या जागी बसते. पहिलं मुद्रित (प्रूफ) हातात येण्याआधी ही ओळ मांडणी करणाऱ्यांकडून लावून घ्या: दऱ्या, सुऱ्या, ऱ्हस्व, क्लृप्ती, उच्छ्वास, वाङ्मय, षट्कोन, द्व्यर्थी. ही आठ नीट आली की बाकीचं बहुतेक येतं. अक्षर १३ पॉइंटच्या खाली नको. चाळिशीच्या बायका रात्रीच्या उजेडात वाचणार आहेत.

## ११. छपाई आणि पोच

मधे पिन मारायची असेल तर पानसंख्या ४ च्या पटीत हवी. ऑफसेटला १६ पानांचा फॉर्म धरतात, म्हणून ६५ पानांचं पुस्तक झालं तर एक पान कापा.

जून उजाडायच्या आत पुस्तकं अभ्यासकेंद्रात पोचलेली असू देत. पाऊस सुरू झाला की घाट कधी बंद होईल सांगता येत नाही, कोकण रेल्वेचं वेळापत्रकही पावसाळ्यात वेगळं असतं. शिवाय दमट हवेत कागद ओल धरतो, कडा लाटांसारख्या होतात. गठ्ठे प्लास्टिकमध्ये बांधून घ्या आणि केंद्रावाल्यांना जमिनीवर ठेवू नका म्हणून सांगा, फळीवर ठेवा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, लागणार असेल तर तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी पैसे मागणारा मध्यस्थ नको.

## १२. मूळ फाइली मागून घ्या

पीडीएफ मिळाली म्हणजे काम झालं असं समजू नका. मांडणीची मूळ फाइल, वापरलेले फॉन्ट, फोटो मूळ आकारात, चित्रांचा परवाना-तक्ता आणि ध्वनिमुद्रणाच्या कच्च्या फाइली, सगळं दोन वेगळ्या जागी ठेवा. दोन वर्षांनी काजूचे भाव आणि अनुदानाच्या योजना बदललेल्या असतात. छापखान्याच्या संगणकावरची फाइल तोवर पुसली गेलेली असते. बदलणारा मजकूर, म्हणजे भाव, योजना, फोन क्रमांक, आधीपासूनच वेगळ्या पुरवणीत टाका. मग पुस्तक तसंच ठेवून दरवर्षी चार पानंच छापावी लागतात.